अप्पांचे धुतलेले पाय

हळदीच्या दिवसांत आमच्या गावातलं कुत्रंसुद्धा पिवळं असायचं. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमचा मोत्या हळकुंडांच्या ढिगावर लोळून यायचा आणि माय त्याला काठी घेऊन पिटाळायची. कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी शेतात आलं आणि ज्याच्या त्याच्या वावरात हळद उभी राहिली. काढणी झाली की खळ्याखळ्यावर चुलवाणं पेटायची, वर ही भली मोठी लोखंडी कढई, कढईत हळद, हळदीवर पाला, पाल्यावर गोणपाट, आणि खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. पाणी उकळून पांढरा फेस वर आला की असा वास सुटायचा, असा वास सुटायचा, की शाळेत बसलेली आम्ही पोरं खिडकीतून नाक बाहेर काढून सांगायचो, हा आपल्या कढईचा, हा पाटलाच्या कढईचा. आता ट्रॅक्टरमागं बॉयलर येतो, फुस्स करून वाफ सोडतो आणि घटकाभरात सगळं उरकतं. चांगलंच आहे, बाया-माणसांची कंबर वाचली. पण त्या वासानं माझ्या पोटात अजून गुदगुल्या होतात, कारण हळदीच्या मागोमाग आमचा सण यायचा. आधी झावळ्यांचा रविवार, मग गुरुवारी पाय धुण्याची उपासना, मग उत्तम शुक्रवार, आणि मग ईस्टर! तो एक आठवडा मी आणि एस्तू जमिनीवर चालत नव्हतो, उड्याच मारत होतो.

एस्तू म्हणजे माझी चुलत बहीण, मोठेबाबांची एस्तेर. मोठेबाबा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. आमच्या ख्रिस्ती आळीत समोरासमोर दोन घरं, मधे एक कडुनिंब, आणि त्या निंबाखाली आम्ही दोघी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. तिची माय धपाटे करायची तर मी तिकडे, माझी माय आंबाडीची भाजी करायची तर ती इकडे. दोघी मिळून गायचो. ती खालच्या सुरात, मी वरच्या. आळीच्या टोकाला आमचं पत्र्याचं देऊळ होतं. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, गावही 'येशूचं देऊळ' म्हणायचं. तिथं अप्पा पेटी वाजवायचे, मोठेबाबा ढोलकी, आणि आम्ही दोघी पुढं उभ्या राहून अशा काही ताना घ्यायचो की बाहेर रस्त्यानं जाणारी गाडी थांबायची. बैल थांबायचे का गाडीवान थांबवायचा ते माहीत नाही, पण थांबायची.

आणि मग भावाभावांचं बिनसलं. कारण काय, तर कढई. आजोबांच्या वेळची ती कढई दोघांत एकच होती. एका साली आधी आमची हळद शिजली, वाळायला पडली, आणि मोठेबाबांची पाळी यायच्या आतच अवकाळी पाऊस कोसळला. त्यांचा ओला ढीग जागेवर सडला. मोठेबाबा म्हणाले, ''शांत्यानं मला जाणूनबुजून मागं ठेवलं.'' अप्पांचं नाव शांतवन, पण अंगात शांतपणा औषधालाही नव्हता. ते म्हणाले, ''आभाळ काय मला विचारून फाटतं का?'' झालं. कढई मोठेबाबांच्या खळ्यावर गेली, ती तिथंच राहिली. आम्ही दुसऱ्याची मागून आणायला लागलो. ढोलकी त्यांच्या घरात खुंटीला, पेटी आमच्या घरात फळीवर. रविवारी देवळात नुसती पेटी रडायची. वर्ष झालं, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. अप्पांनी त्यांच्या खळ्यात पाय टाकला नाही. आणि आम्हां दोघींना घरातून दम, की निंबाखाली दिसलात तर तंगडं मोडीन.

तरी आम्ही भेटायचोच, कालव्याच्या कडेला, शेळ्यांच्या निमित्तानं. त्या साली झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या फांद्या हलवत मिरवणूक निघाली, पण मोठेबाबांची बाजू घेणारी आळीतली निम्मी घरं आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी एस्तू कालव्यावर आली ती डोळे सुजवूनच. म्हणाली, ''मने, ईस्टरपासून आमची उपासना आमच्या खळ्यावर. बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं. येगळी मंडळी करून राहिले.'' मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे ईस्टरच्या पहाटे एस्तू तिकडे गाणार, मी इकडे? खालचा सूर एका जागी आणि वरचा दुसऱ्या? वसमतहून सायकलवर येणाऱ्या पाळकसाहेबांनी तर देवळात उघडच सांगितलं होतं, ''गुरुवारी दोघे भाऊ एका बाकावर दिसले तर ठीक, नाही तर मी वर कळवतो, की इथली मंडळी फुटली.'' मोठी माणसं मान खाली घालून ऐकत होती. पण जाऊन बोलायचं कुणी? अप्पा म्हणायचे, ''ते थोरले हायत, त्यांनी यावं.'' मोठेबाबा म्हणायचे, ''तो धाकटा हाय, त्यानं यावं.'' दोघांचं बराबर, आणि दोघंही आपापल्या जागी खिळा ठोकल्यासारखे.

आता पाय धुण्याच्या उपासनेचं सांगते, कारण आमच्या गावानं त्या उपासनेचं काय करून ठेवलं होतं ते ऐकण्यासारखं आहे. प्रभूनं शेवटच्या जेवणाआधी कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाळकसाहेब दरसाल बारा माणसांचे पाय धुवायचे. बारा जण कोण, हे आधीच्या रविवारी सांगायचे, आणि त्यावरून आमच्याकडे जेवढे रुसवेफुगवे व्हायचे तेवढे लग्नातसुद्धा होत नसतील. ज्याचं नाव निघालं त्याची छाती पुढं. आणि मग दुसरी काळजी! हळदीचे दिवस, सगळ्यांच्या टाचा पिवळ्याधमक, भेगांत हळदीची माती गच्च बसलेली. असे पाय पाळकसाहेबांच्या हातात द्यायचे? इज्जत गेली ना! म्हणून बाराच्या बारा जण सोमवारपासून पाय घासायला बसायचे. चिंच लावायचे, वजरी घ्यायचे, वजरी मोडली की खापराचा तुकडा घ्यायचे. दारोदारी खर्र खर्र आवाज. माय चुलीपुढून म्हणायची, ''धुतलेलंच धुवायला न्यायचं, तं पाळकसाहेबाला एवढ्या लांबून तकलीफ काहून द्यायची?'' अप्पा घासतच राहायचे. ते सगळ्यांत पुढं होते. त्यांच्या टाचा गुरुवारपर्यंत लहान पोराच्या गालासारख्या गुळगुळीत व्हायच्या, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं ते पाय पसरून बसायचे, म्हणजे त्यानं बघावेत.

आणि आमच्या घरात होती कृपा. माझी धाकटी बहीण, नुकती बाराखडी शिकायला लागलेली, पुढचे दोन दात पडलेले. आधल्या साली तिनं पहिल्यांदा पाय धुण्याची उपासना नीट डोळे उघडे ठेवून पाहिली आणि तिला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की वर्षभर तिचा दुसरा खेळच नव्हता. बाहुलीचे पाय धुतले. मोत्याचे धुतले. वासराचे धुवायला गेली तर त्यानं लाथ मारली, तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. कोंबड्या धरून त्यांचे पाय धुवायची, आणि प्रत्येकीला म्हणायची, ''गप बस. बोलायचं न्हाई. प्रार्थना चालू हाय.'' आळीतल्या बाया पोट धरून हसायच्या. तिला हसण्याशी घेणं नव्हतं. ती आपली फडक्यानं कोंबडीची बोटं एकेक करून पुसत बसायची.

त्या गुरुवारी सकाळी अप्पा ओसरीवर शेवटचा हात मारत बसले होते. कृपा तांब्या घेऊन आली.

''अप्पा, म्या धुते.''

''काय?''

''पाय. तुमचे.''

अप्पा खेकसले, ''माझे धुतलेत. दिसत न्हाईत का? जा, खेळ तिकडं.''

तिनं वाकून, अगदी नाक लावून, एक टाच बघितली, मग दुसरी बघितली. म्हणाली, ''व्हय, साफच हायत.'' आणि फार हिरमुसून तांब्या घेऊन गेली. मी तिथंच ज्वारी निवडत होते, म्हणून मला तिचं तोंड आठवतं. जत्रेत पाळणा बंद झाल्यावर पोराचं होतं तसं झालं होतं.

दुपार कलली. अप्पांनी पांढरं धोतर नेसलं, पांढरा सदरा घातला, आणि ट्रंक उघडली. अप्पा देवळाचे पंच, म्हणून देवळाचा टॉवेल आमच्याकडे असायचा. मोठा, पांढराशुभ्र, वर्षात एकदाच बाहेर निघणारा, पाळकसाहेबांनी कंबरेला बांधायचा. ट्रंक उघडली आणि अप्पा ओरडले, ''टावेल कुठाय?'' मायनं गोधड्या उपसल्या. मी खाटेखाली शिरले. टॉवेल नाही. आणि मग मायच्या ध्यानात आलं, ''अन् किरपा कुठाय?''

माझ्या डोक्यात एकदम कोंबड्या आल्या. मी धावले परसात. नाही. कालव्यावर? अरे देवा, कालव्याला पाणी सुटलेलं! मी अनवाणी पळत सुटले, मागं माय, मागं अप्पा धोतराचा सोगा हातात धरून. निंबापाशी आलो आणि समोरच्या गल्लीतून एस्तू धावत येताना दिसली. दम लागलेला, डोळे एवढाले, आणि रडत होती का हसत होती ते कळेना. ''मने, चल! आमच्या खळ्यावर चल! बघच तू!''

मोठेबाबांच्या खळ्यावर कढई धडधडत होती. वाफेचा पडदा वर चढत होता. आणि त्या वाफेच्या अलीकडे, पोत्यावर, मोठेबाबा बसले होते. आमचे मोठेबाबा, ज्यांच्या आवाजानं बैल वळायचे, ते पदर ओढून बसलेल्या नव्या नवरीसारखे अंग चोरून बसले होते. त्यांचा एक पाय घमेल्यात, आणि घमेल्यापुढं फतकल मारून आमची कृपा. देवळाचा पांढरा टॉवेल तिनं कंबरेला बांधला होता, तो तिच्या अंगाला तीन वेढे घेऊन मागं जमिनीवर लोळत होता, आणि तो पांढरा राहिला नव्हता.

''अगं सोड, लेकरा,'' मोठेबाबा म्हणत होते. ''पाय लई घाण हायत माझे.''

''घाण हायत म्हणूनच तं,'' कृपा म्हणाली. ''अप्पाचे साफ हायत. साफ पाय काय धुवायचे? गप बसा. बोलायचं न्हाई. प्रार्थना चालू हाय.''

मोठेबाबा गप बसले. मोठीआई, म्हणजे एस्तूची माय, कढईजवळ उलथणं हातात धरून उभी होती, पदर तोंडाला लावलेला. कढईतली हळद जास्त शिजत होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं. कृपा त्यांची बोटं एकेक करून चोळत होती, कोंबडीची चोळायची तशीच. आणि मोठेबाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाफेनं म्हणायला ते वाफेच्या बाजूला बसलेच नव्हते.

अप्पा खळ्याच्या बांधावर येऊन थांबले. एक पाऊल पुढं टाकलं की मोठेबाबांची हद्द. मी त्यांच्याकडे बघत होते, एस्तू मोठेबाबांकडे बघत होती, आणि आम्ही दोघींनी एकमेकींचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. मनात मी म्हणत होते, देवा, जाऊ दे, देवा, त्यांना आत जाऊ दे! अप्पांच्या कानशिलावरची शीर उडत होती. टॉवेलवरून ते आता ओरडतात का काय, असं मला वाटलं.

कृपानं मान वर केली. अप्पांना बघून तिचा चेहरा असा फुलला! म्हणाली, ''अप्पा, बरं झालं आले. ही टाच निघंना. माह्या हातात तेवढी ताकद न्हाई. तुमी घासा. तुमाला तं लई चांगलं येतंय, तुमी किती दिस घासून राहिले!''

पहिल्यांदा मोठीआई हसली. तोंडाला लावलेल्या पदरातून फुसकन हसू बाहेर आलं. मग माय हसली, मग एस्तू, मग मी. अप्पांचं तोंड आधी लाल झालं. मग त्यांनी आपल्या त्या गुळगुळीत टाचांकडे बघितलं, समोरच्या भेगाळलेल्या टाचेकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा झाला. त्यांनी वहाणा बांधावर काढल्या. खळ्यात आले. आणि त्या पांढऱ्या धोतरानिशी, हळदीच्या चिखलात, घमेल्यापुढं गुडघे टेकून बसले.

''एस्तू,'' ते म्हणाले, ''माह्या घरातून वजरी आण.''

एस्तू अशी पळाली की तिच्या परकराची नाडी सुटली, ती हातात धरून पळाली! वजरी आली. अप्पा घासायला लागले. कढई खदखदत होती, खर्र खर्र आवाज येत होता, आणि कृपा बाजूला बसून बारीक नजरेनं बघत होती, काम बरोबर होतंय ना म्हणून. आणि मग मोठेबाबा ओरडले. वर्षभरात त्यांनी आपल्या भावाला म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

''हळू घास की रे शांत्या! रगत काढतो का काय!''

''दादा,'' अप्पा म्हणाले, ''हा पाय हाय का बाभळीचं खोड?''

आणि दोघंही हुंदके देऊन रडायला लागले. मोठी बाप्येमाणसं, मिशा असलेली, घमेल्याच्या दोन बाजूंना. मी त्याआधी बाप रडताना बघितला नव्हता. मला रडू येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं, म्हणून मी एस्तूला धरून गरागरा फिरले. मोठीआईला तेवढ्यात कढईची आठवण झाली आणि तिनं बोंब ठोकली, मग सगळे उठून हळद उपसायला धावले. अप्पांनी त्याच धोतरावर घमेली वाहिली. हळद थोडी मऊ झालीच, पण मोठेबाबा म्हणाले, ''होऊ दे.'' मग म्हणाले, ''तुझी किती राहिली?''

''निम्मी हाय.''

''सोमवारी कढईत टाक. आधी तुझी.''

''न्हाई दादा, आधी तुमची.''

''म्या थोरला हाय, म्या सांगतो, आधी तुझी!''

''आन् म्या सांगतो, आधी तुमची!''

आवाज चढायला लागले. कृपा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ''आता पुन्हा भांडून राहिले!'' तेव्हा कुठं दोघं थांबले.

देवळात पाळकसाहेब वाट बघून बघून थकले होते. अकरा जण पुढं ओळीनं बसलेले, पाय कसे लखलखीत. आणि दारातून आमची वरात आली. पुढं अप्पा, गुडघ्यापासून खाली पिवळे. त्यांच्या मागं मोठेबाबा, खांद्यावर ढोलकी. मागं दोन्ही घरच्या बाया, पोरं, आणि कृपा, टॉवेलचा सोगा फरफटत. मोठेबाबांच्या बाजूची घरंही मागोमाग येऊन दाराशी दाटली, कारण आळीत बातमी वणव्यासारखी गेली होती. दोघे भाऊ एका बाकावर बसले. पाळकसाहेबांनी टॉवेलकडे बघितलं. त्यांना कुणी काही सांगितलं, ते ऐकून घेतलं, आणि मग तोच पिवळा टॉवेल कृपाच्या कंबरेचा सोडून त्यांनी आपल्या पांढऱ्या झग्यावर बांधला. अकरा जणांना म्हणाले, ''तुमचे तर घरीच झालेले दिसतात.'' आणि पहिल्या खुर्चीवर कृपाला बसवलं. तिच्या पायाला शेण, माती, हळद, सगळं होतं. त्यांनी पाणी घातलं तशी ती खिदळायला लागली, ''गुदगुल्या होतात! गुदगुल्या होतात!'' आणि अख्खं देऊळ हसलं. मग ज्यांना वाटलं ते ते पुढं आले. बाया आल्या. म्हातारी माणसं आली. ते अकरा जण, ज्यांनी सोमवारपासून खापरानं टाचा घासल्या होत्या, ते उठून दुसऱ्यांना पाणी घालायला लागले, कारण दुसरं करणार काय बिचारे!

आणि मग ढोलकीवर थाप पडली. वर्षभरानंतर पेटीला जोड मिळाली. एस्तूनं खालचा सूर धरला, मी वरचा. तसं मी नंतर कधी गायले नाही, खोटं कशाला सांगू. बाहेर गाडी थांबली का नाही ते बघायला मला फुरसत नव्हती. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी एकाच देवळात होती. दुपारी दोन्ही घरांची एकच पंगत निंबाखाली बसली, सिद्धेश्वरहून आणलेल्या मासळीचं कालवण आणि पुरणपोळी, आणि मी आणि एस्तू एका ताटात जेवलो.

अप्पा गेले, मोठेबाबा गेले. ही गोष्ट आमच्या मंडळीत अजून सांगतात. नवे पाळक आले की त्यांना सांगतात, आणि प्रत्येक सांगणारा कृपाला थोडी थोडी मोठी करत नेतो. आता तर ती म्हणे त्या वयात उपदेश करायची. मीही काही कमी नाही. मी आयुष्यभर मनात धरून होते, की आमच्या कृपाला भावाभावांतलं भांडण कळलं होतं, देवानं तिच्या मनात घातलं आणि ती वैर मिटवायला चालत गेली. गेल्या ईस्टरला ती नांदेडहून आली होती. केस पांढरे झालेत, कवळी आहे, नातवंडं आहेत. निंब अजून आहे. त्याखाली खुर्च्या टाकून आम्ही तिघी बसलो होतो, एस्तू, ती आणि मी. तेव्हा मी तिला विचारलं, ''किरपे, खरं सांग. तू मोठेबाबांकडं काहून गेली होतीस?''

ती धपाटा खात होती. विचार करून म्हणाली, ''भांडणाचं मला काही ठाऊक नव्हतं गं ताई. मला तर अप्पांचेच धुवायचे होते. पण ते आधीच धुऊन बसले होते.''